गाथा कोणती? अंकरूप मराठी ग्रंथसंग्रह आणि पाठचिकित्सा

गतवर्षी आमच्या विभागातील एका विद्यार्थ्याने तुकारामांच्या अभंगांतील व्यापारविषयक शब्दांवर एक प्रबंधिका सादर केली. परिश्रम चांगले होते, उतारे विपुल होते, आणि प्रत्येक उताऱ्यापुढे अभंगाचा क्रमांक न चुकता दिलेला होता. जुन्या सवयीने मी सरकारी गाथा उघडून पहिले चार क्रमांक पडताळून पाहिले. त्यांपैकी एक जुळला. तेव्हा त्याला विचारले, "हे क्रमांक कोणत्या गाथेचे?" त्याने सरळपणे उत्तर दिले, "सर, महाजालावरच्या."

ह्या उत्तरात लबाडी नव्हती आणि आळसही नव्हता. त्याच्यापुढे जी गाथा आली तिने आपले कुळ सांगितलेलेच नव्हते. मग ते त्याने कोठून सांगावे? मला खटकले ते निराळेच. "कोणत्या गाथेचे" ह्या प्रश्नाला काही अर्थ आहे, ह्याचीच त्याला कल्पना नव्हती. तुकारामांची गाथा एक आहे, ती महाजालावर आहे, आणि तेथे अभंगांना क्रमांक आहेत, एवढीच त्याची समजूत होती. प्रस्तुत लेखाचे निमित्त ही समजूत होय. विद्यार्थ्याचा दोष त्यात थोडा आहे. ज्या संग्रहांतून त्याने वाचले त्यांच्या रचनेचा दोष पुष्कळ आहे, आणि त्या संग्रहांची चिकित्सक तपासणी करण्याचे ज्यांचे काम होते त्या आम्हां अभ्यासकांचाही आहे.

गाथा एक नाही, हे ह्या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको. तरी पुढील विवेचनासाठी थोडी उजळणी करतो. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित ह्यांची इंदुप्रकाश छापखान्यात छापलेली दोन भागांची गाथा १८६९ आणि १८७३ ह्या वर्षी प्रसिद्ध झाली. देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील पोथ्या जुळवून ती सिद्ध केलेली होती. तुकारामांच्या निर्याणाच्या त्रिशतसांवत्सरिकाच्या निमित्ताने १९५० साली मुंबई सरकारने जी गाथा छापली तिचा आधार हीच आवृत्ती; तिच्यातील अभंगांची संख्या साडेचार हजारांहून अधिक आहे. ह्या दोहोंच्या मध्ये, १९१९-२० च्या सुमारास, वि. ल. भावे ह्यांनी संताजी जगनाडे ह्यांच्या वहीवरून 'अस्सल गाथा' म्हणून दोन भाग प्रसिद्ध केले. त्यांतील अभंग संख्येने पुष्कळच कमी, क्रम निराळा आणि शब्दरूपेही अनेक ठिकाणी निराळी आहेत. ह्याखेरीज वारकरी फडांच्या आणि खाजगी प्रकाशकांच्या गाथा आहेत. त्यांतील काहींनी अभंग विषयवार लावले आहेत, काहींनी प्रकरणे पाडली आहेत. अशा स्थितीत "अभंग १२४०" एवढेच म्हणणे म्हणजे पत्त्यात गावाचे नाव न घालता केवळ घराचा क्रमांक लिहिण्यासारखे आहे.

आता अंकीकरणाविषयी. लोकव्यवहारात ज्याला डिजिटायझेशन म्हणतात, त्याची दोन रूपे आपण वेगळी ओळखली पाहिजेत. एकात ग्रंथाच्या पानाचे छायाचित्र घेऊन ते संगणकावर ठेवतात. हे प्रतिमारूप अंकीकरण. दुसऱ्यात ग्रंथातील अक्षरे टंकून, किंवा यंत्राकडून वाचवून घेऊन, शोधता येईल अशी संहिता तयार करतात. हे अक्षररूप अंकीकरण. पहिले छायेसारखे आहे, तर दुसरे नकलेसारखे. आणि नक्कल म्हटली की नकलनविसाचे सारे दोष तिच्याबरोबर आलेच.

ह्या कार्याने आमच्यावर केलेले उपकार मोठे आहेत, ते आधी सांगितले पाहिजेत. ज्या पिढीत मी विद्यार्थी होतो त्या पिढीला एकोणिसाव्या शतकातील एखादे शिलाछापाचे पुस्तक पहावयाचे तर पुण्या-मुंबईची वारी करावी लागे, ग्रंथपालाची मर्जी संपादावी लागे, आणि इतके करूनही पुस्तक बांधणीस गेले आहे असे उत्तर मिळण्याची तयारी ठेवावी लागे. आज नांदेडचा किंवा सावंतवाडीचा विद्यार्थी तेच पुस्तक घरी बसून उघडतो. ह्या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' ह्या उपक्रमात हजारो मराठी ग्रंथांची पाने उतरविली गेली. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ मराठी पुस्तके सर्वांस विनामूल्य खुली केली. २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशनची स्थापना होऊन हस्तलिखितांच्या नोंदीस आणि छायांकनास चालना मिळाली. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत शिरलेल्या जमावाने ग्रंथांची आणि पोथ्यांची जी नासधूस केली ती ज्यांनी पाहिली, त्यांना पोथीची दुसरी छाया अन्यत्र असणे म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तेव्हा अंकीकरण करावे की न करावे हा वाद आता संपला आहे. जे केले गेले ते अभ्यासाच्या कसोटीस किती उतरते, एवढाच प्रश्न उरतो.

ह्या कसोटीसाठी मी मुद्दाम एक जुने पुस्तक हाती घेतो. शंकर गणेश दाते ह्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा पहिला भाग १९४३ साली प्रसिद्ध झाला. त्यात १८०० ते १९३७ ह्या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची नोंद आहे. १९३८ ते १९५० ह्या काळाचा दुसरा भाग १९६१ साली निघाला. दात्यांच्या हाताशी संगणक नव्हता, मोठा कर्मचारीवर्ग नव्हता, आणि आज अशा योजनांना जे अर्थसाह्य लाभते त्याचा अंशही नव्हता. तरीही त्यांच्या नोंदीवरून ग्रंथ कोणाचा, कोठे छापला, कोणत्या वर्षी, कितवी आवृत्ती, पृष्ठे किती, हे कळते. ह्या सूचीतील एक नोंद आणि त्याच ग्रंथाची एखाद्या मोठ्या अंकरूप संग्रहातील नोंद शेजारी ठेवून पहावी. ऐंशी वर्षांत आपण कोठून कोठे आलो, ह्याचा बोध होतो, आणि तो सुखद नसतो.

अंकरूप नोंदीत ग्रंथाचे नाव बहुधा रोमन लिपीत असते, आणि तेही कोणत्याही मान्य पद्धतीने लिहिलेले नसते. ऱ्हस्वदीर्घ पुसलेले, 'श', 'ष', 'स' एका ओळीत बसविलेले, 'ळ' चा 'ल' झालेला, 'ण' चा 'न' झालेला. 'काळ' आणि 'काल' ह्यांत भेद उरत नाही, 'बाळ' आणि 'बाल' ह्यांतही नाही. नाव ज्याने जसे ऐकले किंवा वाचले तसे टंकले. त्यामुळे एकाच ग्रंथाच्या तीन प्रती तीन निराळ्या नावांनी नोंदल्या जातात, आणि शोधणाराला त्यांपैकी एकही मिळत नाही. ग्रंथकाराचे आडनाव कधी आधी तर कधी मागे येते, आणि कधी संपादकालाच ग्रंथकार केलेले असते. वर्षाच्या जागी पुष्कळदा पुनर्मुद्रणाचे वर्ष असते. शक आणि सन ह्यांची गल्लतही आढळते. शके १८३१ हे सन १८३१ म्हणून नोंदले गेले तर ग्रंथ अठ्ठ्याहत्तर वर्षांनी म्हातारा होतो. मराठी ग्रंथ हिंदीच्या किंवा संस्कृतच्या खात्यावर पडतात, कारण लिपी एकच. अनेक भागांच्या ग्रंथाचा भाग कोणता, हे पान उघडल्यावाचून कळत नाही. ज्या ग्रंथालयात ही प्रत होती त्याचा शिक्का पहिल्या पानावर अंधुकपणे दिसला तर दिसला. नोंदीत त्याचे नाव असेलच असे नाही.

ह्यावर असे उत्तर देतात की, पाने तर पुढे आहेत, नोंदीचे काय एवढे? हे उत्तर ग्रंथालयशास्त्र न जाणणाराचे आहे. ज्या ग्रंथाची नोंद चुकली तो ग्रंथ संग्रहात असूनही नसल्यासारखाच. लाखो ग्रंथांच्या ढिगाऱ्यात नोंद हाच एक दरवाजा असतो. शिवाय पाठचिकित्सेच्या दृष्टीने नोंद म्हणजे पोथीवर्णन होय. प्राचीन ग्रंथांचे संपादन करताना आपण आधी काय करतो? पोथी कोठे मिळाली, पत्रे किती, कोणत्या शकात लिहिली, पुष्पिकेत लेखनिकाचे नाव आहे काय, कोणती पत्रे गहाळ आहेत, हे नोंदवून मगच पाठाकडे वळतो. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे ह्यांचे भारतीय पाठचिकित्सेवरील पुस्तक १९४१ साली निघाले. अ. का. प्रियोळकरांनी रघुनाथपंडिताच्या 'दमयंतीस्वयंवरा'ची आणि पुढे मुक्तेश्वराच्या आदिपर्वाची चिकित्सक संपादने करून ही शिस्त मराठीत प्रत्यक्ष घालून दिली. पोथीच्या बाबतीत जी शिस्त आपण अनिवार्य मानतो ती तिच्या छायेच्या बाबतीत सैल का सोडावी, हे मला उमगलेले नाही.

प्रतिमेकडे वळू. वरवर पाहता छायाचित्र खोटे बोलत नाही. परंतु अंकीकरणाच्या पहिल्या लाटेतील पुष्कळ पाने केवळ काळ्या आणि पांढऱ्या अशा दोनच छटांत घेतलेली आहेत. मधल्या करड्या छटा त्यांत नाहीत. जुन्या पिवळ्या कागदावरील डाग त्यात काळा होतो आणि फिकी शाई पांढरी होते. इंग्रजी पानावर ह्याने फारसे बिघडत नाही. आपल्या पानावर मात्र एका ठिपक्याचा प्रश्न असतो. जुन्या मराठी लेखनात अनुच्चारित अनुस्वारही लिहीत. 'घरीं', 'त्यांत', 'मुलें', 'नांव' ह्यांतील तो ठिपका कोठे सप्तमी दाखवी, कोठे नपुंसकलिंगी अनेकवचन, कोठे व्युत्पत्तीची खूण. १९६२ च्या लेखननियमांनी आपण तो बव्हंशी सोडून दिला. पण त्या आधीच्या दीडशे वर्षांच्या मुद्रित मराठीत तो व्याकरणाचा घटक आहे. दोन छटांच्या पानावर हा ठिपका कधी उडून जातो, आणि कागदावरचा किडीचा डाग कधी अनुस्वार होऊन बसतो. अनुस्वारांच्या इतिहासावर काम करणाऱ्या अभ्यासकाने अशा पानांवर विसंबू नये, एवढेच मी सुचवितो. रंगीत आणि पुरेशा सूक्ष्मतेने घेतलेल्या प्रतिमेत हा दोष राहत नाही. अलीकडची कामे बहुधा तशी होतात, ही समाधानाची गोष्ट आहे.

जाता जाता आणखी एक तक्रार. पाने उतरविताना मलपृष्ठे, जाहिराती आणि आश्रयदात्यांच्या याद्या गाळण्याची प्रवृत्ती काही ठिकाणी दिसते. एकोणिसाव्या शतकातील पुस्तक कोणी विकत घेतले, कोणत्या गावी किती प्रती गेल्या, छापखान्याने दुसरी कोणती पुस्तके काढली, ही माहिती त्या 'निरुपयोगी' पानांवरच असते. वाङ्मयाच्या सामाजिक इतिहासाचे अर्धे साधन त्यांत आहे.

अक्षररूप संहितेचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. यंत्राने वाचलेल्या देवनागरीत जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार येथे चुका होतात, हे सर्वज्ञात आहे. त्या दिवसेंदिवस कमी होत आहेत, हेही खरे. परंतु चूक कमी झाली म्हणून काम संपत नाही, कारण शोधण्याची रीतही भाषेच्या इतिहासाला धरून असावी लागते. आजचा वाचक 'नाव' असे टंकतो. जुन्या पानावर 'नांव' असते. यंत्राला हे दोन निरनिराळे शब्द वाटतात आणि ते निर्विकारपणे सांगते की असा शब्द ह्या ग्रंथात नाही. 'नाही' हे उत्तर किती निश्चयाने दिले जाते! ग्रंथालयातील जाणता सेवक निदान "मला सापडले नाही" असे म्हणत असे.

चांगले उदाहरण नाही असे नव्हे. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातील भाषांचे कोश महाजालावर ठेवले आहेत. त्यांत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्वे प्रभृतींचा 'महाराष्ट्र शब्दकोश', तसेच तुळपुळे आणि फेल्डहाउस ह्यांचा प्राचीन मराठीचा कोशही आहे. मोल्सवर्थचा शब्द शोधला तर तो १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीतील आहे हे स्पष्ट कळते, आणि शब्दाबरोबर छापील पृष्ठाचा क्रमांकही येतो. त्या क्रमांकाच्या आधारे मी माझ्या टेबलावरचा छापील मोल्सवर्थ उघडून पडताळणी करू शकतो, आणि तशी ती अनेकदा केली आहे. संशोधकाला ह्याहून अधिक थोडेच लागते. आपण कोणत्या ग्रंथाची नक्कल आहोत हे ही नक्कल लपवीत नाही, आणि मूळ ग्रंथाकडे परत जाण्याची वाट ती मोकळी ठेवते. हे एका परदेशी विद्यापीठाने आमच्या कोशांसाठी केले. त्याबद्दल कृतज्ञता मानावी आणि थोडी लाजही बाळगावी.

भांडारकर संस्थेच्या महाभारताची कथा अधिक उद्बोधक आहे. १९१९ साली आरंभिलेले, १९३३ साली आदिपर्व पूर्ण झालेले आणि १९६६ साली समाप्तीस गेलेले हे संपादन म्हणजे भारतीय पाठचिकित्सेचा कळस. क्योटो येथील प्राध्यापक मुनेओ तोकुनागा ह्यांनी त्याची सिद्ध संहिता संगणकावर उतरविली आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ ह्यांनी ती तपासून शुद्ध केली. दोघांनीही आपले काम कशावरून केले हे प्रामाणिकपणे सांगितले आहे. त्यांच्या श्रमांस तोड नाही. परंतु ही संहिता पुढे एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेली, आणि तिचे मूळचे निवेदन वाटेत कोठेतरी गळून पडले. आज अनेकांना ती 'महाभारत' म्हणूनच भेटते. आता छापील ग्रंथाचे पान पहा. वर श्लोकांच्या काही ओळी, आणि खाली, कित्येकदा पानाच्या अर्ध्याहून अधिक भागात, पाठभेदांच्या टीपा. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर ह्यांनी जेथे पाठ निश्चित वाटला नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. ती रेघ म्हणजे संपादकाच्या सचोटीची सही आहे. साध्या अक्षरसंहितेत ती रेघ उतरत नाही आणि खालच्या टीपाही उतरत नाहीत. सुखठणकरांनी जे अनुमान म्हणून वाचकापुढे ठेवले ते यंत्रावर निर्णय होऊन बसते. सिद्ध संहितेचे शब्द एखाद्या विशिष्ट पोथीत सलग तसेच आढळतात असे नाही, ही गोष्ट छापील पान प्रत्येक ओळीला आठवून देत असे. अंकरूप पानावर ती आठवण करून देणारे कोणी उरलेले नाही.

मराठीत ह्याच प्रश्नाची दुसरी बाजू ज्ञानेश्वरीच्या निमित्ताने दिसते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले. त्याच्या आधीची म्हणून वि. का. राजवाडे ह्यांनी बीडच्या पाटांगण येथे मिळालेली एक पोथी १९०९ साली छापली. तिच्या भाषेवर त्यांनी आपले ज्ञानेश्वरी-व्याकरण उभारले; पुढे १९६० साली शासनाने जी ज्ञानेश्वरी काढली तिलाही राजवाडे-संहितेचाच आधार. परंतु ती मूळ पोथी नाहीशी झाली. राजवाड्यांनी काय वाचले ते आपल्यापुढे आहे; पोथीत काय होते ते नाही. तिचे वय काय, तिच्यातील कोणती रूपे खरोखर जुनी आणि कोणती लेखनिकाची, हा वाद शतकभर चालला आहे आणि तो मिटण्याचे साधन उरलेले नाही. त्या पोथीच्या चार पत्रांचे बरे छायाचित्र असते तरी अक्षराच्या वळणावरून काही बोलता आले असते. अंकीकरणाचा खरा उपयोग कोठे आहे हे ह्यावरून दिसेल. छापील ग्रंथ सुलभ करणे हे उत्तम काम आहेच; तथापि जिची दुसरी प्रत नाही अशा वस्तूची छाया घेणे ह्याचा अग्रक्रम मोठा. आपल्याकडे पुष्कळदा उलट घडते. जे पुस्तक चार ग्रंथालयांत आहे ते चारही ठिकाणी उतरविले जाते, आणि खेड्यातील मठातल्या किंवा उपाध्यायाच्या घरातल्या पोथीला कोणी विचारीत नाही.

मोडी कागदांविषयी दोनच गोष्टी सांगतो. गो. स. सरदेसाई ह्यांनी १९३० ते १९३४ ह्या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले, तेव्हाच हा प्रश्न पुढे आला होता की, कागद रुमालातून बाहेर काढला की त्याचा शेजार तुटतो. हिशेबाच्या कागदाला लागून ठेवलेले पत्र आणि तेच पत्र एकटे, ह्यांचा अर्थ एक नसतो. अंकीकरणात हा शेजार जपता येतो; रुमालाचा क्रमांक, त्यातील कागदाचा क्रम आणि पाठीमागचे शेरे प्रतिमेबरोबर नोंदले की झाले. ते न नोंदता हजारो सुट्या प्रतिमा साठविणे म्हणजे दप्तर उधळून देणे होय. दुसरी गोष्ट अशी की, २०१४ साली मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, ह्याचा आपल्याकडे मोठा आनंद झाला. तो योग्यच होता. परंतु त्यामुळे मोडी टंकता येऊ लागली, वाचता येऊ लागली नाही. घाईने लिहिलेले कारकुनी अक्षर वाचणारी माणसे तयार करण्याचे काम अजून माणसांनाच करावयाचे आहे.

आता टिकाऊपणा. महाजालावर ठेवले म्हणजे अमर झाले, अशी एक भोळी श्रद्धा रूढ आहे. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात १६१६, १६४९ आणि १६५४ असे तीनदा छापले गेले. त्या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांमुळे, आणि १९०७ साली मंगळूरास तो पुन्हा छापला गेला तोही त्यांच्याच बळावर. छापले म्हणजे टिकले असे नव्हे, हे गोव्याने आपल्याला शिकविले आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने त्याचा दुसरा धडा दिला. २०१७ च्या सुमारास तिचे संकेतस्थळ बंद पडले. तत्पूर्वीच तिच्यातील लाखो ग्रंथांच्या प्रती अमेरिकेतील 'इंटरनेट आर्काइव्ह' ह्या संस्थेकडे गेल्या होत्या, म्हणून ती पाने आपल्याला आजही दिसतात. सदोष नोंदीही त्यांच्याबरोबर जशाच्या तशा गेल्या, हे ओघानेच आले. पूर्वी पोथ्या टिकल्या त्या अनेक गावी अनेक नकला झाल्या म्हणून. तोच नियम येथेही आहे.

ह्या ठिकाणी संग्राहक संस्थांच्या वृत्तीविषयी बोलणे भाग आहे. भारतीय कायद्याप्रमाणे ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या ग्रंथावरील स्वामित्वहक्क संपतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती, १९९२ च्या दुरुस्तीने ती वाढली. मुदतीच्या आतले ग्रंथ खुले करू नयेत हे रास्त आहे. परंतु तीनशे वर्षांपूर्वीच्या पोथीवर कोणाचा कसला हक्क? तरीही अंकीकरण पूर्ण होऊनही प्रतिमा कपाटबंद ठेवणाऱ्या, किंवा दिल्या तर पानाच्या मधोमध आपल्या नावाचा शिक्का मारून देणाऱ्या संस्था आहेत. अशा एका शिक्क्याखाली मला हवी असलेली पुष्पिका झाकली गेली होती. लेखनिकाचे नाव संस्थेच्या नावाखाली गेले. संस्थांची बाजूही आहे. दीडदोन पिढ्या तुटपुंज्या अनुदानावर त्यांनी पोथ्या सांभाळल्या. प्रतिमा खुल्या केल्या की वाचनालयात कोणी येणार नाही, आणि कोणी आले नाही तर अनुदान कोण देणार, ही त्यांची भीती खोटी नाही. हे दुखणे पैशाचे आहे आणि त्याचा उपाय शासनाने आणि विद्यापीठांनी करावयाचा आहे. पुष्पिका झाकून तो होणार नाही.

प्रत्येक संग्रहाकडून एका एका ग्रंथासाठी मी जे मागतो ते अवघड नाही. नामपृष्ठावरील मजकूर देवनागरीत जसाच्या तसा; आवृत्ती, स्थळ आणि वर्ष, शक असेल तर शकासह; प्रत कोणत्या ग्रंथालयाची; गहाळ पाने कोणती; आणि संहिता टंकली असेल तर ती कोणत्या छापील ग्रंथावरून, कोणी, केव्हा टंकली, छापील पृष्ठांकांसह. दात्यांची सूची हाताशी आहे. तिच्यातील प्रत्येक नोंदीपुढे त्या ग्रंथाची अंकरूप प्रत कोठे आहे एवढे लिहीत गेलो तरी अर्धा गोंधळ मिटेल. हे काम एखाद्या कंपनीस कंत्राटाने देण्यासारखे नाही. ते ज्याला 'काळ' आणि 'काल' ह्यांतील भेद कळतो त्याने करावयाचे आहे, म्हणजे मराठी विभागांनी.

आमच्या विभागाने आरंभ लहानच केला आहे. इंदुप्रकाश गाथा, भाव्यांची गाथा आणि सरकारी गाथा ह्या तिहींतील अभंगांच्या क्रमांकांचे तुलनात्मक कोष्टक करण्याचे ठरविले असून पहिल्या खेपेस उपर्युक्त विद्यार्थ्याच्या प्रबंधिकेतील अभंग घेतले आहेत. त्यानेच ते काम आवडीने अंगावर घेतले आहे. बहुतेक अभंग सापडले. काहींचे शब्द त्याने उतरविल्याहून निराळे निघाले, आणि एका ठिकाणी त्यामुळे त्याच्या युक्तिवादाचा एक परिच्छेद गाळावा लागला. दोन अभंग मात्र ह्या तिन्ही गाथांत अद्याप मिळालेले नाहीत. ते नामदेवांच्या किंवा निळोबांच्या गाथेत असतील असा माझा तर्क आहे, आणि तिकडे शोध चालू आहे.